पुढच्या शिडाच्या फर्लरसाठी नवा दोर: ८ मिमी की १० मिमी?

सुकाणू यांचा प्रश्न

माझी बोट १० मीटर लांबीची, एका डोलकाठीची आहे. तिच्या पुढच्या शिडाला, म्हणजे जिबला, ड्रमवर दोर गुंडाळला जाऊन चालणारा नेहमीचा फर्लर, म्हणजे शीड त्याच्या पुढच्या कडेभोवती गुंडाळणारे साधन, बसवलेला आहे. फर्लरचा सध्याचा दोर ८ मिमी जाडीचा, दुहेरी विणीच्या पॉलिएस्टरचा आहे. मीठ आणि ऊन खाऊन तो इतका ताठ झाला आहे की हातात नीट वळत नाही. डेकच्या कडेने तो कॉकपिटकडे, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या बसायच्या जागेकडे, येतो, त्या वाटेवरच्या दुसऱ्या कप्पीजवळ त्याचे वेष्टन केसाळ झाले असून एका ठिकाणी विणीच्या फटीतून आतला पांढरा गाभा दिसू लागला आहे. दोर बदलायचा हे ठरले आहे, पण कोणता घ्यावा हे ठरत नाही.

वारा २० नॉटच्या आसपास गेला की शीड गुंडाळताना हा दोर तळहाताला काचतो आणि जोर लावूनही हळूहळूच सरकतो, म्हणून १० मिमीचा दोर घ्यावा असे मनात येते. दुसरीकडे, शीड पूर्ण उघडले की ड्रमवरचे शेवटचे वेढे खालच्या चकतीशी साचतात, एकमेकांत रुततात आणि परत गुंडाळायला गेले की दोर ड्रमवरच अडकून बसतो. हे पाहता दोर जाड घेण्याऐवजी बारीक घ्यायला हवा असे वाटते. डायनीमाच्या, म्हणजे अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याच्या, गाभ्याचा दोर घेण्याचा सल्लाही मिळाला आहे, कारण तो फारसा ताणला जात नाही. परंतु फर्लरच्या कामात त्या गुणाचा खरोखर किती उपयोग होतो, हे मला समजून घ्यायचे आहे. जाडी, धागा आणि लांबी या तिन्ही बाबतींत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

काथ्या यांचे उत्तर

या कामात दोराची जाडी आधी ड्रम ठरवतो आणि मग हात. ताकदीचा प्रश्न त्यानंतर येतो, आणि आपल्या आकाराच्या बोटीवर तो बहुतेक वेळा आपोआप सुटलेला असतो, कारण ८ मिमीचा चांगल्या प्रतीचा दुहेरी विणीचा पॉलिएस्टर दोर नवा असताना साधारण दीड टनाच्या आसपास भार घेतो आणि फर्लरच्या दोरावर येणारा ताण त्याच्या बराच खाली असतो. दोर तुटतो तो बहुधा घासून किंवा उन्हाने कुजून, आणि तोही नेमक्या एका जागी. म्हणून आपल्या दोराचा गाभा दिसू लागल्यावर तो बदलण्याचा निर्णय योग्यच आहे. शीड अर्धे गुंडाळून वाऱ्यात चालत असताना त्याला उघडण्यापासून रोखणारी वस्तू हा एकच दोर असतो. तो तुटला तर शीड क्षणात पूर्ण उघडते, आणि तेही वारा सर्वांत जास्त असताना.

जाडीबद्दल एक हिशेब मनात पक्का ठेवावा. दोर ड्रमवर जी जागा व्यापतो ती त्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८ ऐवजी १० मिमी घेतला तर त्याच ड्रमवर पूर्वीच्या ६४ टक्केच लांबी मावते. जाडीतला फरक २ मिमीचा दिसतो, पण ड्रमची एक तृतीयांशाहून जास्त क्षमता त्यात जाते.

शीड पूर्ण उघडे असते तेव्हा ड्रम सर्वांत भरलेला असतो आणि शीड पूर्ण गुंडाळलेले असते तेव्हा तो जवळजवळ रिकामा असतो. ड्रमला दोन्ही स्थितींत पुरावे लागते. उघड्या शिडाच्या वेळी शेवटचा वेढा चकतीच्या कडेच्या आत, निदान अर्धा सेंटीमीटर खाली राहायला हवा. गुंडाळलेल्या शिडाच्या वेळी, शीटच्या दोऱ्यांचे (शिडाचा मोकळा कोपरा ओढून धरणाऱ्या दोऱ्यांचे) दोन-तीन वेढे शिडाभोवती बसल्यानंतरही ड्रमवर तीन-चार वेढे शिल्लक असायला हवेत, म्हणजे सगळा ताण टोकाच्या गाठीवर येत नाही आणि वारा अधिक असताना शीड जास्त घट्ट गुंडाळले गेले तरी दोर संपत नाही.

आपण पुढील मापे कळवावीत: ड्रमच्या आतल्या खोडाचा व्यास, चकत्यांचा बाहेरचा व्यास, दोन चकत्यांमधले अंतर, शीड पूर्ण गुंडाळायला ड्रमचे किती फेरे लागतात ती संख्या आणि ड्रमपासून कॉकपिटमधल्या क्लचपर्यंतचे (दोर दातांत पकडून धरणाऱ्या खटक्यापर्यंतचे) दोराच्या वाटेने मोजलेले अंतर. क्लचवर किती जाडीचा दोर चालतो हे कोरलेले असते, तेही पाहावे.

धाग्याबद्दल तूर्त एवढेच सांगतो की नायलॉनचा दोर या कामाला घेऊ नये. तो पॉलिएस्टरच्या मानाने कितीतरी जास्त ताणला जातो आणि भिजल्यावर त्याची ताकदही काहीशी घटते. नांगराच्या दोराला त्याची लवचीकता उपयोगी पडते, पण फर्लरवर तोच गुण दोष ठरतो.

परतीचा वारा यांचे उत्तर

नवा दोर विकत घेण्यापूर्वी जुना का अडकतो ते शोधावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. वेढे खालच्या चकतीशी साचतात असे आपण लिहिले आहे, आणि या एका वाक्यात बरेच काही आले. दोर ड्रमकडे फोरस्टेशी (डोलकाठीपासून बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत येणाऱ्या तारेशी) काटकोनात आणि दोन चकत्यांच्या मधोमध उंचीवर यायला हवा. तसा आला तर वेढे आपोआप वर-खाली पसरत जातात आणि ड्रम सारखा भरतो. ड्रमच्या आधीची पहिली कप्पी खाली बसवलेली असेल तर दोर खालून तिरका वर येतो, खालच्या चकतीला घासतो आणि वेढ्यांचा ढीग तिथेच होतो. मग ड्रम अर्धा रिकामा असतानाही खालच्या बाजूचा वेढा कडेवरून निसटू शकतो. या ठिकाणी दोर बारीक केला तर दोष फक्त थोडा उशिरा दिसू लागेल.

हे तपासण्यासाठी शीड अर्धे उघडून दोराला हलका ताण द्यावा आणि ड्रमच्या शेजारी बसून, डोळे ड्रमच्या पातळीवर आणून पाहावे. फोरस्टे तिरका असल्यामुळे डेकला समांतर आलेला दोर ड्रमशी काटकोनात असेलच असे नाही, आणि उभे राहून वरून पाहिल्यास ही चूक दिसत नाही. चकतीच्या आतल्या कडेवर घासल्याची चकचकीत रेघ उमटलेली असेल तर शंकाच उरत नाही.

दुसरे कारण सैल गुंडाळणी. वारा शीड उघडतो तेव्हा ड्रम वेगाने फिरतो, आणि कॉकपिटमधून दोर मोकळा सोडून दिला तर तो ड्रमवर ढिला बसतो. पुढे ताण आला की वरचा वेढा खालच्या ढिल्या वेढ्यांत रुततो; सैल गुंडाळलेल्या रिळाचा धागा जोरात ओढल्यावर जसा मध्येच अडकतो तसाच हा प्रकार आहे. म्हणून शीड उघडताना दोर हातातून, किंवा वारा जास्त असल्यास विंचवर (दोर ओढण्याच्या फिरत्या रहाटावर) एक वेढा घेऊन, हलक्या ताणाखाली सोडत जावा. कॉकपिटकडची शेवटची कप्पी रॅचेटची घेतली तर हे काम सोपे होते. ती आत ओढताना मोकळी फिरते आणि दोर बाहेर जाताना त्याला धरून ठेवते, त्यामुळे ताण आपोआप राखला जातो आणि गुंडाळताना हाताला मध्ये विसावाही मिळतो.

तिसरी गोष्ट हाताला काचण्याची. आपल्या आकाराच्या बोटीवर २० नॉटच्या वाऱ्यात जिब गुंडाळणे मेहनतीचे असते, पण दोर तळहाताला कापण्याइतका ताण लागत असेल तर कुठेतरी घर्षण वाढलेले आहे. शीड उतरवून ठेवले असताना फर्लरची नळी, जिच्याभोवती शीड गुंडाळले जाते ती, हाताने फिरवून पाहावी. ती दोन बोटांनी फिरायला हवी. ती मोकळी फिरते पण शीड चढवल्यावर जड जाते असे दिसले तर वरच्या टोकाकडे लक्ष द्यावे, कारण हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, फोरस्टेला अगदी समांतर जात असेल तर तो नळीभोवती गुंडाळला जाऊ लागतो. अशा वेळी दोर विंचवर घेऊन जोर लावणे धोक्याचे आहे. विंचला पलीकडचा अडथळा जाणवत नाही, आणि त्यात नळी पिळवटते किंवा फोरस्टेच्या तारांचा पीळ उसवतो. डेकवरच्या कप्प्याही एकेक करून फिरवून पाहाव्यात, कारण मिठाने जाम झालेली एक कप्पीसुद्धा पुष्कळ ताण खाते. आपल्या दोराचे वेष्टन दुसऱ्या कप्पीजवळच उसवले आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

गुंडाळण्याची पद्धतही पाहावी. वारा मागून घेऊन मोठ्या शिडाच्या आडोशात जिब आणली की तिच्यातला वारा बराच निघून जातो आणि दोर कितीतरी हलका होतो. त्या वेळी शीट पूर्ण सोडून न देता किंचित ताणात ठेवावी, नाहीतर शीड सैल गुंडाळले जाते आणि फेरे कमी-जास्त होतात.

सुकाणू

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी वारा पडलेला असताना मापे घेतली. ड्रमच्या खोडाचा व्यास ८० मिमी, चकत्यांचा १७० मिमी आणि त्यांच्यामधले अंतर ६० मिमी आहे. शिडाच्या तळाची कड ४.२ मीटर असून शीड नेहमीच्या ताणात पूर्ण गुंडाळायला १९ फेरे लागतात. ड्रमपासून क्लचपर्यंत दोराच्या वाटेने ८.५ मीटर अंतर आहे. क्लचवर ८ ते १० मिमी असे कोरलेले आहे.

खालच्या चकतीच्या आतल्या कडेवर परतीचा वारा यांनी वर्णन केलेली चकचकीत रेघ आहे. पहिली कप्पी डेकलगत बसवलेली असून दोर तिथून ड्रमकडे चढत जातो. नळी मोकळी फिरते. डेकवरची दुसरी कप्पी मात्र भार दिला की फिरत नाही. दोर तिच्या चाकावरून नुसता घसरतो.

काथ्या यांचे उत्तर

आपल्या मापांवरून हिशेब मांडतो. ड्रमची वापरता येणारी पोकळी सुमारे १,०६० घन सेंटीमीटर भरते. ड्रमवर दोर कधीच ठासून बसत नाही, म्हणून तिच्यापैकी ६० टक्के जागेत दोर आणि बाकीची पोकळी असे धरतो. या हिशेबाने ८ मिमीचा दोर काठोकाठ साडेबारा मीटर मावतो आणि १० मिमीचा जेमतेम आठ मीटर. शिडाचे १९ फेरे, शीटच्या दोऱ्यांचे ३ आणि शिल्लक ठेवायचे ३ मिळून आपल्याला २५ वेढ्यांची गरज आहे. ८ मिमीच्या दोराला त्यासाठी सव्वानऊ मीटरच्या आसपास लांबी लागते आणि ती बसल्यावर वेढ्यांचा बाहेरचा व्यास सुमारे १५३ मिमी होतो, म्हणजे चकतीची कड सर्व बाजूंनी ८ मिमी वर राहते. १० मिमीचे मात्र वीस-एकवीस वेढ्यांतच ड्रम काठापर्यंत भरतो. म्हणून संपूर्ण लांबीचा १० मिमी दोर या ड्रमवर चालणार नाही. सध्याच्या अडकण्यात तो भरच घालेल.

आता उलट बाजू. बारीक दोर घेतला की ड्रमवर जागा उरते हे खरे, परंतु दोर ड्रमला फिरवतो तो सर्वांत बाहेरच्या वेढ्याच्या त्रिज्येवरून. उघडे शीड गुंडाळायला सुरुवात करताना, म्हणजे शिडात वारा सर्वांत जास्त असताना, ड्रम भरलेला असतो आणि आपल्याला ही मोठी त्रिज्या मिळते. आपल्या ड्रमवर ८ मिमीच्या दोराने ती सुमारे ७६ मिमी असेल. ६ मिमीचा दोर घेतला तर तेवढ्याच २५ वेढ्यांनंतर बाहेरची त्रिज्या ६० मिमीच्या आसपासच राहते, म्हणजे तेच शीड हलवायला सुरुवातीला पाव पटीने जास्त ओढावे लागते, आणि तेही हाताला अधिक काचणाऱ्या बारीक दोराने. ड्रम थोडी सुरक्षित जागा राखून चांगला भरलेला असणे हे फर्लरच्या हिताचे असते, ही बाब दोर निवडताना अनेकदा विसरली जाते.

लांबी अशी धरावी: ड्रमवरचे सव्वानऊ मीटर, क्लचपर्यंतचे साडेआठ मीटर आणि शीड पूर्ण उघडे असताना क्लचच्या मागे हातात राहायला दोन मीटर, मिळून वीस मीटर. टोके कापण्यासाठी आणि पुढे कधी घासलेली जागा सरकवण्यासाठी एक-दोन मीटर जास्त घ्यावेत. ड्रमकडच्या टोकाने अर्धा मीटर कापून टाकला की कप्प्यांवर येणाऱ्या सगळ्या जागा अर्ध्या मीटरने बदलतात, आणि दोराचे आयुष्य वाढवण्याचा याहून सोपा उपाय नाही.

नांगर यांचे उत्तर

आधीच्या मांडणीशी मी सहमत आहे, पण हाताला जाड आणि ड्रमवर बारीक असा एकच दोर करता येतो, त्याबद्दल लिहायला हवे. १० मिमीचा, डायनीमाच्या गाभ्याचा आणि पॉलिएस्टरच्या वेष्टनाचा दोर घेऊन ड्रमवर जाणाऱ्या भागाचे वेष्टन काढून टाकतात. गाभा ७ मिमीच्या आसपास असतो, तो ड्रमवर आरामात मावतो, आणि हातात व क्लचमध्ये १० मिमीच राहतो. हे फक्त अशाच दोराच्या बाबतीत करावे ज्याचा सगळा भार गाभा घेतो. साध्या दुहेरी विणीच्या पॉलिएस्टरमध्ये वेष्टन आणि गाभा भार वाटून घेतात, त्यामुळे त्याचे वेष्टन काढले की दोर निम्मा दुबळा होतो.

वेष्टन कुठपर्यंत काढायचे, हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. शीड उघडे ठेवून ड्रमवरच्या भागाचे माप घेतले की सव्वानऊ मीटर सोलावेत असे वाटते. परंतु शीड पूर्ण गुंडाळले की तोच भाग ड्रमवरून निघून डेकवरून मागे येतो. आपल्या बोटीवर त्या स्थितीत ड्रमवर पाऊण-एक मीटर राहील आणि पुढे साडेआठ मीटरवर क्लच आहे, म्हणजे सोललेला भाग थेट क्लचच्या तोंडाशी येऊन थांबेल. क्लचचे दात उघड्या गाभ्यावर नीट बसत नाहीत. डायनीमा गुळगुळीत असतो, तो निसटतो. म्हणून शीड शीटच्या वेढ्यांसह पूर्ण गुंडाळून क्लचजवळ दोरावर खूण करावी आणि वेष्टन त्या खुणेच्या निदान एक मीटर पुढे, ड्रमच्या बाजूला, सुरू होईल असे पाहावे. ड्रमवर एखादा मीटर जाड दोर आल्याने आपल्याकडे काही बिघडत नाही.

वेष्टन जिथे संपते तिथे त्याचे धागे टप्प्याटप्प्याने कमी करत टोक निमुळते करावे, ते गाभ्याच्या विणीत निदान तीस-चाळीस सेंटीमीटर शिरवावे आणि मेणाच्या दोऱ्याने आरपार शिवून घ्यावे. शिवण नसेल तर क्लच वेष्टनाला धरतो आणि आतला गाभा त्यातून सरकतो. वेष्टनाची सुरकुतलेली पिशवी क्लचच्या पुढ्यात साचू लागली की हेच घडते आहे असे समजावे.

आणखी एक विचार करावा. बोट उभी असते तेव्हा शीड गुंडाळलेले असते, म्हणजे सोललेला गाभा बहुतेक काळ डेकवर उन्हात पडून राहणार. डायनीमा इतर बऱ्याच धाग्यांच्या मानाने ऊन चांगले सोसतो, तरी लेप दिलेला गाभा असलेला दोर निवडावा आणि कप्प्यांवरून जाणाऱ्या जागा वरचेवर पाहाव्यात. डायनीमा १५० अंश सेल्सियसच्या आसपासच वितळतो, पॉलिएस्टर २५० अंशांच्याही पुढे. त्यामुळे उघड्या गाभ्याचा वेढा विंचवर घेऊन तो वेगाने सुटू देऊ नये.

परतीचा वारा यांचे उत्तर

दोर ताणला जाऊन लांबण्याबद्दल सुकाणू यांनी विचारले होते, त्याचे उत्तर राहून गेले आहे. हिशेबासाठी असे धरू की शीड अर्धे गुंडाळून जोराच्या वाऱ्यात चालताना पॉलिएस्टरचा दोर २ टक्के लांबतो. साडेआठ मीटरवर हे १७ सेंटीमीटर होतात, म्हणजे ड्रमचा साधारण अर्धा फेरा, आणि शिडाच्या तळाशी दहा-अकरा सेंटीमीटर शीड जास्त उघडते. ४.२ मीटरच्या शिडात एवढ्याने काही बिघडत नाही. हवे तर तेवढे आधीच जास्त गुंडाळून ठेवता येते. डायनीमाच्या दोरात हाच आकडा दोन-तीन सेंटीमीटरवर येतो.

दोर असा लांबण्याचा खरा तोटा शिडाच्या आकारात नसून घासण्यात आहे. झुळूक येते, दोर लांबतो. ती जाते, तो आखडतो. आणि प्रत्येक वेळी तीच बोटभर लांबी त्याच कप्पीवर आणि क्लचच्या त्याच दातांवर पुढे-मागे होते. लांब पल्ल्याच्या प्रवासात, दिवसदिवस शीड अर्धे गुंडाळून चालणाऱ्या बोटीला हे महागात पडते, आणि तिथे डायनीमाचा गाभा घ्यावा असे मीही सांगेन. दिवसा निघून संध्याकाळपर्यंत परतणाऱ्या बोटीला चांगला पॉलिएस्टर पुरेसा आहे. शीड अर्धे गुंडाळून बराच वेळ चालायचे असेल तर क्लचवर भिस्त न ठेवता दोर मागे शिंगाच्या क्लीटवरही (दोन शिंगांच्या खुंटीवरही) बांधावा आणि तासा-दोन तासांनी हातभर घेऊन किंवा सोडून घासणारी जागा बदलावी.

वेष्टन निवडताना कातलेल्या आखूड धाग्यांचे, किंचित लोकरी स्पर्शाचे घ्यावे. गुळगुळीत अखंड धाग्यांच्या वेष्टनापेक्षा ते ओल्या हातात कमी निसटते, आणि मऊ असल्यामुळे ८ मिमीलाही हात बरा बसतो. ते थोडे लवकर झिजते, पण हाताने ओढायच्या दोरात मी हा सौदा पत्करेन.

सुकाणू

या चर्चेवरून माझा निर्णय असा झाला आहे. पहिली कप्पी उंच बैठकीवर ड्रमच्या मध्याच्या पातळीत आणणार, डेकवरची जाम कप्पी बदलणार, शेवटची कप्पी रॅचेटची बसवणार आणि दोर लोकरी वेष्टनाचा ८ मिमी पॉलिएस्टर, २२ मीटर घेणार. माझे प्रवास एका दिवसाचे असतात, त्यामुळे सोललेल्या डायनीमाची सध्या गरज दिसत नाही. कप्प्या बदलूनही हाताला त्रास झाला तर नांगर यांचा १० मिमीचा उपाय करता येईल, कारण क्लच १० मिमी घेतो.

आता दोर बसवण्याबद्दल विचारतो. शीड न उतरवता नवा दोर ओवता येईल का? आणि ड्रममधली गाठ कोणती असावी?

काथ्या यांचे उत्तर

शीड उतरवण्याची गरज नाही. गुंडाळलेल्या स्थितीतच हे काम सोपे पडते, कारण तेव्हा ड्रमवर मोजकेच वेढे असतात. वारा पडलेला असताना शीड शीटच्या तीन वेढ्यांसह घट्ट गुंडाळावे आणि ते स्वतःहून उघडणार नाही असे दोन ठिकाणी पट्ट्यांनी बांधावे. दोर ड्रममध्ये कोणत्या बाजूने शिरतो आणि कोणत्या दिशेने गुंडाळलेला आहे, याचे छायाचित्र काढून ठेवावे. दिशा उलटली तर शिडाच्या कडेची ऊन अडवणारी पट्टी गुंडाळल्यावर आत जाते आणि शिडाचे कापड उन्हात उघडे राहते.

जुना दोर आधी उपसून काढू नये. कॉकपिटमध्ये जुन्या दोराचे मागचे टोक आणि नव्या दोराचे ड्रमकडे जाणारे टोक एकमेकांना समोरासमोर भिडवून, एकावर एक न चढवता, मेणाच्या दोऱ्याने चार-पाच टाके घालून शिवावे आणि वरून पातळ चिकटपट्टीचा एकच थर द्यावा. ड्रमवरून सोडवलेला जुना दोर मग पुढून ओढत गेले की नवा दोर उघड्या क्लचमधून आणि सगळ्या कप्प्यांमधून आपोआप ड्रमपर्यंत येतो. जोड कप्पीजवळ अडला तर जोर न लावता किंचित मागे घेऊन दोर फिरवावा. नव्या दोराचे टोक कापण्यापूर्वी कापायच्या जागेभोवती पट्टी गुंडाळावी, तापलेल्या सुरीने कापावे आणि टोकावर दोऱ्याचे घट्ट वेढे शिवून घ्यावेत, कारण नुसते वितळवलेले टोक पुढे तडकते आणि त्याची धार हाताला लागते.

ड्रमच्या भोकातून टोक आत घेऊन आठच्या आकड्याची गाठ मारावी, पाच-सहा सेंटीमीटर शेपूट ठेवावे आणि गाठ आवळून ती खोडाच्या आत बसते याची खात्री करावी. गाठ बाहेर राहिली तर पहिला थर तिच्यावर चढतो आणि वेढे तिथूनच वाकडे बसू लागतात. पुढे कधी उघड्या डायनीमाचे टोक इथे आले तर ही गाठ चालणार नाही, ती सरकते. अधिक पिळांची अडगाठ घालून लांब शेपूट शिवून टाकावे लागेल.

त्यानंतर ड्रमवर चार वेढे हाताने, छायाचित्रातल्या दिशेने, ओढून घट्ट घालावेत, मागून दोर ताणून क्लच बंद करावा आणि पट्ट्या सोडाव्यात. पहिल्यांदा शीड उघडताना एकाने ड्रमशेजारी बसून वेढे कसे पसरतात ते पाहावे आणि दुसऱ्याने दोर हलक्या ताणात सोडावा. ते एकसारखे न पसरता एका बाजूला जाऊ लागले तर पहिल्या कप्पीची उंची अजून थोडी बदलावी लागेल, म्हणून तिची बैठक कायमची पक्की करण्याआधीच ही चाचणी घ्यावी. शीड पूर्ण उघडल्यावर बाहेरच्या वेढ्यापासून चकतीच्या कडेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. ते पाच मिमीपेक्षा कमी भरले तर चारपैकी एक वेढा कमी करावा.

नवा दोर पहिल्या काही वेळा ताण खाऊन थोडा लांबतो. तो बसल्यानंतरच शीड एक तृतीयांश आणि निम्मे गुंडाळल्याच्या खुणा क्लचजवळ रंगीत दोऱ्याने शिवाव्यात.